फोटोग्राफर व्हायचंय, मग कॉलेजात काय घ्यायचं?



बारावीचा निकाल लागला की दोन महिने घराघरांत एकच बोलणं चालतं. पोरगी काय घेणार? आपल्या वेळी उत्तरं ठरलेली होती : डॉक्टर, इंजिनियर, शिक्षिका, नाहीतर आपलं कॉमर्स. आता मुलं असं काही सांगतात की मोठ्यांना त्यावर काय बोलावं तेच सुचत नाही. आमच्या नातीनं यंदा सांगितलं, "मला फोटोग्राफी करायची आहे." कॉमर्समधून ब्याऐंशी टक्के आणलेत तिनं. तिचे बाबा, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "कर ना, सुट्टीत कर. आधी बी.कॉम. घे, मग सी.ए." ती म्हणाली, "मला तेच काम करायचं आहे, सुट्टीपुरतं नाही." तेव्हापासून आठ दिवस बापलेकीचं बोलणं 'मीठ द्या, पाणी घ्या' एवढ्यावर आलं होतं.

मी १९८१ साली वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजातून बी.कॉम. झाले. नोकरी केली नाही, पण घराचा आणि दुकानाचा हिशेब चाळीस वर्षं माझ्याच हाताखालून गेला. त्यामुळे दोघंही आपापली बाजू घेऊन माझ्याकडे आले. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. म्हटलं, आधी माहिती काढू, मग भांडू. त्या पंधरा दिवसांत जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण या आवडीची मुलं आता बऱ्याच घरांत आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे 'फोटोग्राफी' हा एक धंदा नाही. लग्नाचे फोटो काढणारा वेगळा, जाहिरातीसाठी साड्या-दागिन्यांचे काढणारा वेगळा, वर्तमानपत्राचा वेगळा, जंगलातले वाघ-पक्षी टिपणारा वेगळा, सिनेमाचा कॅमेरा चालवणारा वेगळा. प्रत्येकाचं शिक्षण वेगळं आणि पैसा यायची तऱ्हाही वेगळी. मी नातीला विचारलं, "यातलं तुला कोणतं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, मला माणसं काढायला आवडतात. काम करणारी." हे उत्तर मिळायला चार दिवस लागले. पण त्यावरच पुढचं सगळं ठरलं, म्हणून तुमच्याही घरी प्रश्न याच जागेपासून सुरू करा.

जाहिरातीच्या कामात जायचं असेल तर कलेची पदवी खरंच उपयोगी पडते. बारावीनंतर बी.एफ.ए.ची चार वर्षांची पदवी असते, त्यात 'अप्लाइड आर्ट' म्हणजे उपयोजित कला ही शाखा. मुंबईचं जे. जे. सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्या जवळ नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. फोटोग्राफी तिथं शिकवतात, पण प्रवेश मिळतो तो चित्रकलेच्या जोरावर. राज्याची सीईटी असते, तिच्यात वस्तुचित्र, स्मृतिचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. आमच्या नातीनं शाळेत एलिमेंटरी दिली, इंटरमीजिएट दिलीच नाही, आणि तिचा हात चित्राला चालत नाही हे तिचं तिलाही ठाऊक आहे. तो रस्ता बंद आहे हे समजलं त्या रात्री ती रडली. सूनबाई तिच्याजवळ बसून राहिली. ज्यांच्या मुली आठवी-नववीत आहेत त्यांना सांगते, या दोन परीक्षा देऊन ठेवा. पुढे लागल्या नाहीत तरी काही बिघडत नाही.

मग तिनं एका मोठ्या शहरातल्या खाजगी संस्थेचं पत्रक आणलं. एका वर्षाचा डिप्लोमा, फी चार लाखांच्या वर, राहणं-जेवण वेगळं, कॅमेरा आपला. मी फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत पंचवीस हजार भरले तरच जागा धरून ठेवता येईल. मी म्हटलं, "भरू बापा, पण मागच्या वर्षी शिकून गेलेल्या चौघांशी बोलणं करून द्या. आता कोणतं काम करतात तेवढंच विचारते." कळवते म्हणाली. अजून कळवायचीच आहे.

चांगल्या संस्था नाहीत असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा, म्हणजे एन.आय.डी.चा, फोटोग्राफीचा अभ्यासक्रम गांधीनगरला आहे, पण तो पदवीनंतरचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमाचा कॅमेरा शिकवतात, तिथंही आधी पदवी लागते, मग ती कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे फोटोग्राफीत वर जायचं असेल तरी पदवी आडवी येत नाही, उलट तीच दार उघडते. हे वाचून दाखवलं तेव्हा मुलगा आणि नात दोघांनीही पहिल्यांदा मान वर केली. पण मग तीन वर्षं कोणता विषय घ्यायचा, हा प्रश्न उरलाच.

त्यासाठी मी मोठमोठे फोटोग्राफर काय शिकले होते ते पाहिलं.

सुरुवात आपल्या घरापासून करते. सेवाग्राम आपल्यापासून जेमतेम आठ किलोमीटर. पाहुणे आले की आपण त्यांना बापूकुटी दाखवायला नेतो. महात्माजींचे रोजच्या जगण्यातले जे जुने फोटो आपण पाहतो, चालताना, लिहिताना, आजाऱ्याजवळ बसलेले, त्यातले कितीतरी कनु गांधींनी काढलेले आहेत. कनु हे महात्माजींच्या पुतण्याचे चिरंजीव, जन्म १९१७ चा. त्यांच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं. आईवडिलांच्या सांगण्यावरून ते आश्रमात कामाला लागले. आणि काम कोणतं? पत्रव्यवहार आणि हिशेब! कॅमेरा हवा म्हणाले तेव्हा महात्माजींनी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. महात्माजींनी फोटो काढू दिले ते तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, मला असं बसा तसं बसा म्हणायचं नाही, आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. पुढे 'अमृतबझार पत्रिका' फोटोंसाठी त्यांना महिन्याला शंभर रुपये देऊ लागली, त्यात रोलचा खर्च भागू लागला.

ही गोष्ट मी जेवताना सांगितली. नात म्हणाली, "म्हणजे बाबांची अट महात्मा गांधींचीच आहे, पैसे मागायचे नाहीत." मुलगा हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

पण यातलं खरं सांगायचं ते वेगळंच आहे. कनु गांधींकडे फोटोग्राफीची पदवी नव्हती. त्यांच्याजवळ होती ती जागा. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत ते त्या माणसाजवळ होते, तिथलं काम करत होते, कोण कशासाठी येतं हे जाणत होते. बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्या फोटोग्राफरला ते कसं दिसणार?

दुसरं नाव आपल्या समाजाचं आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्या बायकांना ते माहीत असतं. राजा दीनदयाळ. भारताच्या जुन्या फोटोग्राफरांमध्ये सगळ्यात मोठं नाव. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात जन्मले. शिक्षण रुडकीच्या कॉलेजात इंजिनियरिंगचं. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं आणि नकाशे करायची नोकरी लागली, आणि कॅमेरा तिथंच हातात आला. होळकर महाराजांनी उत्तेजन दिलं. ग्वाल्हेर, सांची इथल्या जुन्या वास्तूंचे त्यांनी काढलेले फोटो आजही अभ्यासक वापरतात. ज्याला इमारतीचा नकाशा काढता येतो त्याला ती कोणत्या कोपऱ्यातून, कोणत्या उन्हात पाहावी हे कळणारच. पुढे सिकंदराबादला स्टुडिओ, हैदराबादच्या निजामाकडून 'राजा' ही पदवी, १८९६ साली मुंबईलाही स्टुडिओ. आणि ऐका, १८९२ साली त्यांनी हैदराबादला पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. बाईमाणसानं हा धंदा करावा का, असं म्हणणाऱ्यांना सांगावं, सव्वाशे वर्षांपूर्वी एका जैन माणसानं हा प्रश्न सोडवून ठेवला आहे.

बाईमाणसाचंच म्हणाल तर होमाई व्यारावाला. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईला जे. जे.मध्ये कला शिकल्या आणि अर्थशास्त्राची पदवीही घेतली. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत असत. २०११ साली पद्मविभूषण मिळालं. आणि परदेशातले सेबास्तियाव साल्गादो, ब्राझीलचे. हे तर चक्क अर्थतज्ज्ञ. लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला होते. कामासाठी आफ्रिकेत जात, बायकोचा कॅमेरा बरोबर नेत. १९७३ साली नोकरी सोडून फोटोग्राफर झाले. खाणीतले, मळ्यातले, कारखान्यातले मजूर हा त्यांचा विषय. २०२५ साली वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

हिशेबनीस, इंजिनियर, अर्थशास्त्राच्या दोघी-दोघं. कॅमेरा सगळ्यांना चालवता येत होता, पण समोर जे दिसतं आहे ते काय आहे हे त्यांना आधी समजत होतं. कॅमेरा शिकायला वर्ष-दोन वर्षं पुरतात, आताच्या मुलांना तर त्याहून कमी. समज यायला अभ्यास लागतो. म्हणून मला वाटतं, पदवी निवडताना विचारायचं ते हे की ज्यांचे फोटो काढायचे त्यांच्याबद्दल ही पदवी काय सांगेल?

हे मला पुस्तकातून समजलं असं नाही. मागच्या हिवाळ्यात नात हिंगणघाटच्या बाजारात कापसाचे फोटो काढून आली होती. पांढरेशुभ्र ढीग, गाड्यांची रांग, डोक्याला फडकं बांधलेले हमाल. फोटो सुंदर होते. आमच्या ह्यांनी चष्मा लावून एकेक पाहिला. त्यांची उमर गेली कापसाच्या आणि धान्याच्या व्यवहारात. एका फोटोत म्हातारा शेतकरी हातातल्या कागदाकडे पाहत उभा होता. हे म्हणाले, "ही पट्टी आहे. भाव काय लागला त्याला?" तिला माहीत नव्हतं. "ओलावा किती धरला? कापला किती?" तेही माहीत नव्हतं. मग त्यांनीच समजावून सांगितलं, कापसात ओल जास्त निघाली तर भाव कसा उतरतो, सरकी आणि रुई वेगळी झाल्यावर कोणाच्या पदरात काय पडतं, गठाण बांधेपर्यंत किती हात लागतात. ती ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "आजोबा, मला माहीत असतं तर मी कागदाचा फोटो घेतला असता. आणि त्याचं तोंड पट्टी वाचायच्या आधीही घेतलं असतं."

यंदा पदवीचा वाद सुरू झाला तेव्हा मी तिला तोच फोटो पुन्हा दाखवला. तिनं दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "मी बी.ए. करते. अर्थशास्त्र घेऊन. इथंच, वर्ध्याला." तिच्या बाबांना धक्काच बसला. त्यांना वाटलं होतं, आजी बी.कॉम. आहे, ती बी.कॉम.कडेच वळवेल. "ब्याऐंशी टक्के असून बी.ए.?" म्हणाला. मैत्रिणींनो, आपल्या समाजात हे वाक्य कसं टोचतं ते तुम्हाला सांगायला नको. पण बी.कॉम. मध्ये तिला जे शिकायला मिळालं असतं त्यातलं कामापुरतं मी घरी शिकवू शकते. शेतीचं अर्थशास्त्र, मजुरी, बाजार, हे मला शिकवता येत नाही. आणि नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसरा दुय्यम विषय घ्यायची सोय आहे, त्यामुळे वाणिज्याचा धागा ठेवायचा असेल तर कॉलेजात विचारता येईल.

हिशेब मात्र सोडायचा नाही, ही माझी अट. कारण या धंद्यात माणूस बुडतो तो बहुतेक वेळा हिशेबातच. रोज दुपारी जेवणं आटोपली की अर्धा तास आम्ही वही घेऊन बसतो. तुमच्या घरच्या मुलांसाठी त्यातलं थोडं लिहिते.

लग्नाचं काम बाराही महिने नसतं. आपल्या चातुर्मासात तर नाहीच, पण इतरांचीही लग्नं आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतात. अधिक महिना आला की आणखी एक महिना कोरडा. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे. कॅमेरा विकत घेतला की खर्च संपला असं नाही, त्याचा घसारा दरवर्षी धरायचा, नाहीतर पाच वर्षांनी नवा घ्यायला पैसे नसतात. बयाणा घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही, मग तो नात्यातला का असेना. आणि कायद्याची एक गोष्ट मलाही नव्यानं समजली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर त्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं लिहून घेतलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. वर्तमानपत्रात नोकरी असेल तर तिथलेही नियम वेगळे. फोटोग्राफरला आपले फोटो पुढे वापरायचे असतील तर आधी कागद करून घ्यावा लागतो. किती मुलांना हे माहीत असतं?

सूनबाईची काळजी निराळी होती. ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, तुम्ही म्हणता ते पटतं. पण रात्री-अपरात्री लग्नाच्या हॉलवर? आणि खाण्याचं काय?" आपल्या मुलीचा रात्री न जेवायचा नेम आहे, कांदा-लसूण चालत नाही, आणि लग्नाचे फोटो तर रात्रीच. मी नातीलाच विचारलं. ती म्हणाली, "डबा नेईन, सूर्य मावळायच्या आधी खाईन. हॉलवर कोणी जेवा जेवा म्हणालं तर नाही म्हणता येतं मला." यायच्या-जायच्या वेळेचं मात्र आम्ही ठरवून घेतलं. पहिलं वर्ष ती दिवसाचीच कामं घेणार, आणि तेही गावातल्या एका अनुभवी फोटोग्राफर बाईंच्या हाताखाली, सामान उचलण्यापासून.

धर्माचं निघालंच आहे तर एक सांगते. रोलचा जमाना होता तेव्हा फिल्मवर जिलेटीनचा थर असायचा, आणि जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून लग्नाचे अल्बम झाले. आताच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच नसते. लॅबमध्ये जुन्या पद्धतीनं छापून येणाऱ्या फोटोच्या कागदावर मात्र तो थर अजून असतो, तेव्हा ज्यांना नेम पाळायचा आहे त्यांनी छापताना विचारून घ्यावं. अहिंसा जंगलातही पाळता येते. आपल्या बोरच्या जंगलात जाऊन पक्ष्याच्या घरट्याशी जवळ जाऊन फोटो घेतला तर पक्षीण घरटं सोडते. असा फोटो चांगला आला तरी घेऊ नये, एवढं तिनं स्वतःहून वहीत लिहून ठेवलं आहे.

शेवटी घरात ठरलं ते असं. चार लाखांच्या डिप्लोमाला आता जायचं नाही. वर्ध्यालाच बी.ए. फी थोडी, कॉलेज सकाळचं, दुपारनंतरचा वेळ तिचा. वाचलेल्या पैशातून तिच्या बाबांनी एक जुना पण चांगला कॅमेरा घेऊन द्यायचं कबूल केलं आहे. देणगी म्हणून नाही, बिनव्याजी उसने म्हणून. दर महिन्याला थोडे फेडायचे, वहीत मांडायचे. तीन वर्षांत हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत कापसाचा एक पूर्ण हंगाम, पेरणीपासून गठाणीपर्यंत, तिनं फोटोत उतरवायचा. ते काम घेऊन ती पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करेल. त्यात कुठं जमलं नाही तर पदवी हाताशी आहे, बँकेच्या परीक्षा आहेत, एम.ए. आहे. आणि त्या तीन वर्षांत बाबांनी सी.ए.चं नाव काढायचं नाही, स्थळाचंही नाही. मुलानं यातली शेवटची अट ऐकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहून घेऊ का?" तो म्हणाला, "नको आई, तुझा शब्द आहे ना."

तो अजून मनापासून खूश नाही, हे मला दिसतं. दुकानात कोणी विचारलं तर "बी.ए. करून राहिली" एवढंच सांगतो, पुढचं सांगत नाही. त्याला वेळ लागेल. नातही तीन वर्षांनी हेच म्हणेल की दुसरंच काही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं, आणि कोणाचंही दार बंद झालं नाही.

तुमच्या घरी असा प्रसंग असेल तर चार गोष्टी विचारून पाहा. कोणत्या प्रकारची फोटोग्राफी? त्यासाठी चित्रकलेची परीक्षा लागते का? निवडलेली पदवी हातात कॅमेरा घ्यायला रोज किती तास मोकळे ठेवते? आणि ज्या माणसांचे किंवा वस्तूंचे फोटो काढायचे त्यांच्याबद्दल ती काय शिकवते? उत्तरं मुलांनाच लिहायला सांगा. आपण फक्त वही आणि वेळ द्यायचा.

जय जिनेंद्र.